खपली सुटली, पण जात्यावर नाही

खपली गहू, म्हणजे टरफल दाण्याला घट्ट धरून बसतं तो जुना गहू, पूर्वीच्या साधनांनी कसा सोलत असतील ते मी घरी करून बघतोय. मागच्या नोंदीत खपल्या, म्हणजे टरफलासकट दाणे, जात्यावर सोलण्यापाशी गाडी अडली होती. ती निघाली! गिरणीचं तोंड न बघता सुपात अख्खे, लालसर, लांबट दाणे पडले. सांगलीकडच्या भिलवडीच्या नदीकाठच्या मळीतल्या एका शेतकऱ्यानं घरचं बियाणं म्हणून राखलेला हा गहू आहे. आता सविस्तर.

जात्याचा नाद मी सोडला. दगडाला छिन्नीनं नवी टाकी लावून घेतली, वरची तळी जरा उचलून राहावी म्हणून मधल्या खुंट्यावर चामड्याची चकती घातली, वैरण, म्हणजे जात्याच्या तोंडात घालायची मूठ, कमी-जास्त करून बघितली. फट मोठी ठेवली की खपल्या गेल्या तशा बाहेर, कमी केली की दाण्याचा रवा. मधलं काही हाती लागेचना. ओंबीच्या मधल्या खपल्यांत दोन-दोन टपोरे दाणे असतात, टोकाच्या खपल्या बारीक. एकाच फटीत दोन्ही मापं बसत नाहीत. जाता जाता: हायवेच्या कडेला तयार जाती विकतात ती घेऊ नका, दगड मऊ असतो आणि पिठात कच येते. जुन्या वाड्यातलं काळ्या दगडाचं मिळालं तर त्यालाच टाकी लावून घ्या.

मग परसातल्या भुईत रोवलेल्या उखळाकडं वळलो. कोरड्या खपल्या घातल्या, तर निम्म्याहून जास्त तुकडा. शेजारच्या आक्का बघत होत्या. म्हणाल्या, "आरं बाळा, हुग्गीचं (गव्हाच्या खिरीचं) गहू आम्ही कायम ओलवूनच सडतो (कांडून सोलतो). पाण्याचा हात फिरव, फडक्यात बांधून ठेव, मग कांड."

खरी किल्ली तीच निघाली. ओलाव्यानं टरफल चिवट होतं, मुसळाखाली फुटायच्या ऐवजी वाकतं आणि दाण्यावरून सरकतं. त्यात दोन बदल मी केले. मुसळ उलटं धरलं, म्हणजे लोखंडी कडं वर आणि लाकडी टोक खाली. आणि उखळ जवळजवळ काठोकाठ भरलं. थोड्या खपल्या असल्या की मुसळ थेट दगडावर आपटतं. भरपूर असल्या की त्या एकमेकींवर घासून सुटतात. हाताला फरक लगेच कळतो, आधीचा कडकड आवाज जाऊन खसखस सुरू होते. मात्र पाखडण्याआधी ऊन दाखवाच, ओला कोंडा सुपातून उडत नाही. राहिलेल्या खपल्या दुसऱ्या घाण्यात.

आता पुरातत्त्वाकडं. फिरतं जातं दख्खनेत सातवाहन काळाच्या आसपास रुळलं. त्याआधीच्या जोर्वे काळातल्या, म्हणजे इथल्या ताम्रपाषाण युगातल्या शेतकऱ्यांकडं, साधारण इ.स.पू. १४०० ते ७००, पाटे होते. डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून घोड नदीकाठी इनामगावला केलेल्या उत्खननात सातू मुख्य निघाला, गहूही मिळाला. म्हणजे मी जात्यावर जे जमवू पाहत होतो ते त्या काळाला लागूच नव्हतं. ओलवणं आणि कांडणं त्यांच्या आवाक्यातलं होतं, असं मला ठाम वाटतं.

हे लिहिता लिहिताच नवं सुचलं. पीठ करायचा बेत बाजूला. सुपाखाली जो कोंडा पडला त्यात खपल्यांचे बुडखे आहेत, दोन फाट्यांचे, बेचकीसारखे. उत्खननात दाण्यांबरोबर जळालेले असे बुडखे मिळाले की खपलीची जात ओळखता येते आणि तिथं कांडप झालं हेही कळतं. तेव्हा थोडे बुडखे, थोडे दाणे आणि थोड्या अख्ख्या खपल्या पत्र्याच्या डब्यात वाळूखाली झाकून चुलीच्या निखाऱ्यात ठेवायच्या. हवा कमी मिळाली की राख न होता कोळसा होतो आणि आकार टिकतो. नंतर तो कोळसा मातीत मिसळून पाण्यात तरंगवायचा, वर काय येतं आणि तळाला काय राहतं ते चाळणीवर बघायचं.

त्यामुळं साताऱ्याजवळच्या लिंब गावच्या बारा मोटांच्या विहिरीवर मोटेच्या जागा मोजायला जाणं सध्या पुढं ढकललंय. कुणाकडं लाकडी उखळ पडून असेल तर कळवा, तोंड वीतभर तरी रुंद हवं. दगडी आणि लाकडी उखळातला तुकडा तोलून बघायचाय.