तुम्ही विचारलंत म्हणून : इतकी वर्षे खोदून सापडले काय?

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व शिकले असे सांगितले की समोरचा माणूस हमखास विचारतो, "इतकी वर्षे तुम्ही लोक खोदता आहात, पण सापडले काय?" मोहरांचा हंडा सापडलेला नाही हे त्याला आधीच ठाऊक असते, त्यामुळे विचारण्यात थोडी कीवही असते. उभ्या उभ्या द्यावे असे हे उत्तर नाही, म्हणून ते लिहूनच टाकते.

येरवड्याच्या त्या दगडी इमारतीत येणारे बहुतेक पाहुणे लोकमान्यांची खोली पाहून परततात. सरकारने १९३४ साली बंद केलेले हे कॉलेज माजी विद्यार्थ्यांनी चिकाटीने पाठपुरावा केल्यामुळे १९३९ साली पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले, आणि आमच्या विभागाची खरी कहाणी तिथून सुरू होते. प्राचीन इतिहासासाठी ह. धी. सांकळिया आले, मराठ्यांच्या इतिहासासाठी त्र्यं. शं. शेजवलकर, तर समाजशास्त्रासाठी इरावती कर्वे. शेजवलकरांचा पानिपतावरील ग्रंथ १९४६ साली याच संस्थेने प्रसिद्ध केला. त्याबद्दल मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. सांकळियांचे काम मात्र जिथे कागद, ताम्रपट आणि शिलालेख संपतात त्याच्याही मागचे होते. महाराष्ट्राचा लिखित इतिहास सातवाहनांपासून सुरू होतो, आणि त्याआधी या भूमीवर कोण राहत होते, काय पिकवत होते, याचे उत्तर त्या काळी जवळजवळ कोरे होते.

ते कोरे पान संगमनेरजवळच्या जोर्वे गावी, प्रवरेच्या काठी, १९५०-५१ साली भरू लागले. तांबड्या पृष्ठभागावर काळ्या रंगाने भौमितिक नक्षी काढलेली, लांब तोटीची भांडी वापरणाऱ्या शेतकऱ्यांची ती वस्ती होती. पुढे नेवासे, मध्य प्रदेशातील माहेश्वर-नावडातोली अशी उत्खनने झाली आणि तेच धागे लांबवर जुळत गेले. माझ्या मते या सर्वांचा कळस म्हणजे शिरूर तालुक्यातील घोड नदीकाठचे इनामगाव, जिथे १९६८ ते १९८३ या काळात काम चालले. एखादा खड्डा घेऊन थरांचा क्रम पाहायचा आणि निघून यायचे, ही रीत सोडून येथे विस्तीर्ण क्षेत्र उघडले गेले. शंभराहून अधिक घरे समोर आली आणि इ. स. पू. १६०० ते ७०० या काळातील एक अख्खे गाव वाचता आले.

तेव्हा, सापडले ते गाव. जव, गहू, मसूर आणि वाटाणा यांचे जळके दाणे सापडले. नदीचे पाणी वळवण्यासाठी काढलेला पाट सापडला, आणि त्याच परिसरात पाच खोल्यांचे एक घर, जे गावप्रमुखाचे असावे असे उत्खनकांनी मानले. मुलांना घराच्या जमिनीखाली, दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवून त्यांत पुरत. मोठ्या माणसांना उत्तरेकडे डोके करून पुरत, पण पावले घोट्यापासून तोडून. मृताने भूत होऊन परत येऊ नये म्हणून हे केले असावे, असे अनुमान आहे. एका घराच्या जमिनीखाली झाकणाची मातीची डबी निघाली आणि तिच्यासोबत मस्तक नसलेली स्त्रीमूर्ती होती. शेवटच्या काळात चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. पाऊस कमी होत गेल्यामुळे शेती ढासळली असावी, असे या उत्खननाच्या प्रमुखांपैकी एक, म. के. ढवळीकर यांनी मांडले. हा निष्कर्ष कुणाला पटेल, कुणाला नाही, पण त्यावर वाद घालण्याइतका पुरावा आज हातात आहे.

अध्यापनाविषयी विचाराल, तर ते या कामापासून वेगळे काढताच येत नाही. विद्यार्थ्याला चर आखण्यापासून सुरुवात करावी लागे. मातीचा रंग आणि घट्टपणा बदलला की थर बदलला हे त्याला खुरपीच्या टोकाने कळावे, अशी अपेक्षा असे. खापरे धुवायची, त्यांवर क्रमांक घालायचे, कडेवरून भांड्याचा आकार काढायचा, आणि राखेची माती पाण्यात ढवळून वर तरंगणारे दाणे गाळून घ्यायचे. जुन्या वस्तीच्या ज्या टेकाडांना गावकरी 'पांढरी' म्हणतात ती नजरेने ओळखणे, हीसुद्धा एक परीक्षाच होती. वनस्पती, प्राण्यांची हाडे आणि मानवी सांगाडे यांच्या प्रयोगशाळा एकाच आवारात असल्यामुळे इतिहासाच्या विद्यार्थ्याला दात पाहून बैलाचे वय काढणाऱ्या माणसाशेजारी बसावे लागे, आणि माझ्या समजुतीप्रमाणे या विभागाची सर्वांत मोठी कमाई तीच आहे. येथून तयार झालेले लोक बाहेरही गेले: सुब्बाराव बडोद्याला, शां. भा. देव नागपूरला. देवांनी माहुरझरी आणि टाकळघाट-खापा येथील शिळावर्तुळे, म्हणजे भोवती दगडांचे कडे रचलेली दफने, उकरून विदर्भाच्या लोहयुगाचे चित्र उभे केले आणि ते पुढे संचालक म्हणून पुण्यास परतले.

एक तक्रारही आहे. इनामगावचा सविस्तर अहवाल १९८८ साली निघाला, तोही इंग्रजीत, आणि बाकीच्या बहुतेक अहवालांची गोष्ट हीच. ढवळीकरांनी उतारवयात 'महाराष्ट्राची कुळकथा' लिहिली, म्हणून सामान्य मराठी वाचकाच्या हाती निदान एक धड पुस्तक तरी आले. शिरूरच्या शेतकऱ्याने हाच प्रश्न मला विचारला, तर आज मी त्याला त्याच पुस्तकाचे नाव सांगते. दुसरे चटकन सुचत नाही.