खोका खरा, गाइड खरे, बोर्ड खोटा

न्यू जर्सीतील जुन्या व्हिडिओ गेमच्या एका दुकानात मी विकायला आलेल्या मालाची पारख करते. आम्ही फोनवर भाव पाहतो, त्यातून आपला नफा वजा करतो आणि उरलेला आकडा सांगतो, असा ग्राहकांचा समज असतो. खरे तर भाव पाहणे हे या कामातले सर्वांत सोपे. ईबेवर कोणी किती मागितले याला अर्थ नसतो. सौदा प्रत्यक्ष कितीला झाला तेवढेच धरायचे असते, आणि तेही सुटे कार्ट्रिज (खेळ साठवलेली, यंत्रात खोचायची प्लास्टिकची डबी), खोक्यासह पूर्ण संच आणि सीलबंद प्रत असे वेगवेगळे. जुलै २०२१ मध्ये हेरिटेज या लिलाव कंपनीच्या लिलावात ‘सुपर मारिओ ६४’ची एक सीलबंद प्रत १५ लाख ६० हजार डॉलरला गेली. त्या बातमीने आमच्या धंद्याचे जेवढे नुकसान केले तेवढे चोरट्यांनीही केले नसेल. एक कोटीहून अधिक खपलेल्या खेळाचे वापरलेले कार्ट्रिज घेऊन लोक येतात आणि खरा भाव ऐकला की आम्हालाच लबाड ठरवतात.

मात्र ज्या गृहस्थांविषयी लिहायचे आहे ते तसे नव्हते. त्यांनी सुपर निन्टेन्डो या नव्वदच्या दशकातल्या, टीव्हीला जोडायच्या कन्सोलच्या ‘अर्थबाउंड’ या खेळाचा पूर्ण संच आणला होता. आपण तो काही वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून, मुलासाठी, पूर्ण संचाचा चालू भाव देऊन घेतला, हे त्यांनी आपणहून सांगितले आणि पावतीही पुढे ठेवली.

शिगेसातो इतोई यांचा हा खेळ जपानमध्ये १९९४ साली ‘मदर २’ या नावाने आला आणि जून १९९५ मध्ये अमेरिकेत ‘अर्थबाउंड’ झाला. निन्टेन्डोने तो नेहमीपेक्षा मोठ्या खोक्यात, तो कसा खेळायचा ते सांगणाऱ्या जाडजूड गाइडसह विकला. ‘या खेळाला घाण वास येतो’ अशी त्याची जाहिरात केली आणि खरवडून हुंगायची कार्डेही छापली. ग्राहकांनी पाठ फिरवली. अमेरिकेत सुमारे १ लाख ४० हजार प्रतीच खपल्या. पुढे १९९९ साली निन्टेन्डोच्या ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’ या खेळात ‘अर्थबाउंड’मधला नेस हा मुलगा दिसला आणि तो आहे तरी कोण, असे विचारणारी एक पिढी तयार झाली. अधिकृत पुनर्प्रकाशन थेट २०१३ मध्ये, वी यू या कन्सोलवर झाले. आता तर हा खेळ निन्टेन्डोच्या स्विच या कन्सोलच्या वर्गणीतही मिळतो, तरी जुन्या कार्ट्रिजला आजही दोनशे डॉलरच्या वर मोजावे लागतात आणि पूर्ण संच हजाराच्या पुढे जातो. म्हणजे हे पैसे खेळायला मिळावे म्हणून कोणी देत नाही. ते त्या वस्तूचे आहेत.

खोका मी आधी पाहिला. कडांची छपाई, पुठ्ठ्याचा आतला रंग, घड्यांवरची झीज, सगळे जिथे असायला हवे तिथेच होते. गाइड अस्सल होते आणि कार्डे न खरवडलेली होती, ज्याने भाव आणखी चढतो. कार्ट्रिजचे लेबल दिव्याखाली तिरपे धरले. कारखान्यात लेबलावर दाबून उमटवलेला बारीक आकडा समोरून पाहिला तर दिसत नाही, तिरप्या उजेडात मात्र स्पष्ट उठतो. नकली लेबलांवर तो बहुधा नसतो. इथे तो होता.

मी सहज विचारले की मुलाने खेळ पूर्ण केला का. ते म्हणाले, ‘त्याला तो फारच अवघड गेला. पावलोपावली शत्रूंची गर्दी असायची. तरी चिकाटीने अगदी शेवटच्या लढाईपर्यंत पोचला, तर खेळ गोठला आणि त्याचे सगळे सेव्ह, म्हणजे जिथवर पोचला त्याच्या साठवलेल्या नोंदी, पुसले गेले. सेव्ह जपणारी आतली बॅटरी संपली असेल म्हणून आम्ही नाद सोडला.’

हे ऐकताच मी स्क्रूड्रायव्हर काढला. ‘अर्थबाउंड’मध्ये नकलेविरुद्धचे पहारे एकामागे एक बसवलेले आहेत. पहिला पहारा पडद्यावर सरळ इशारा देऊन खेळ थांबवतो. तो निकामी करून नक्कल चालवली, तर आतला दुसरा पहारा गुपचूप शत्रूंची संख्या वाढवतो, आणि तरीही कोणी टिकून राहिला तर शेवटच्या लढाईत खेळ गोठवून सर्व सेव्ह पुसून टाकतो. हल्लीचे चांगले नकलाकार हे सगळेच पहारे काढून टाकतात, त्यामुळे खेळ सुरळीत चालला म्हणजे तो अस्सल, असे मुळीच नाही. इथे मात्र कोणीतरी अर्धेच काम केले होते, आणि त्याची शिक्षा एका मुलाने भोगली होती.

ही कार्ट्रिज साध्या स्क्रूड्रायव्हरने उघडत नाहीत, त्यांना ३.८ मिलिमीटरचे खास टोक लागते. दोन्ही स्क्रूंच्या खोबणी आधीच ओरबाडलेल्या होत्या. आत हवा होता निन्टेन्डोचे नाव आणि ‘एसएचव्हीसी’ने सुरू होणारा क्रमांक छापलेला सर्किट बोर्ड, त्यावर या खेळाची ‘एमबी’ ही अक्षरे असलेली, खेळ कायमचा साठवलेली रॉम चिप आणि धातूच्या पट्ट्यांनी नीट डाख दिलेली नाण्यासारखी बॅटरी. प्रत्यक्षात होता एक कोरा हिरवा बोर्ड, वरची अक्षरे घासून काढलेली, पुन्हा लिहिता येणारी फ्लॅश चिप आणि पिवळ्या चिकटपट्टीत गुंडाळलेली बॅटरी. कवच खरे, लेबल खरे, आतला जीव तेवढा बदललेला.

महाराष्ट्रात नव्वदच्या दशकात आमच्या ‘टीव्ही गेम’ची जवळजवळ सगळी कार्ट्रिज नकलीच असायची, पण ती नकलीच्याच भावाने विकली जात आणि त्यात कोणी फसत नसे. अस्सल कवचात नकली बोर्ड घालून अस्सलचे पैसे घेणे हा उघड दरोडा आहे. आणि ज्या विक्रेत्याने पाच मिनिटे खर्चून कार्ट्रिज उघडले नाही, त्याला मी निर्दोष मानत नाही. हजाराच्या वरचा माल न उघडता विकणारे या धंद्यात पुष्कळ आहेत, आणि उघडून दाखवा म्हणणाऱ्या ग्राहकाला तेच शंकेखोर म्हणतात.

त्या गृहस्थांना मी बोर्ड दाखवला, शेजारी दुसऱ्या खेळाचा अस्सल बोर्ड ठेवला आणि पावती घेऊन विक्रेत्याकडे परत जायला सांगितले. ते दुकान केव्हाच बंद झाले होते. मग आमच्या मालकांनी खोका आणि गाइड वेगवेगळे विकत घेतले, तेही योग्य भावाने, हे मान्य केले पाहिजे. अस्सल लेबलाचे रिकामे कवचही त्यांना हवे होते. त्याला मी विरोध केला, कारण असे कवच विकत घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्यात काय घालायचे असते हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. शेवटी ते कार्ट्रिज त्या गृहस्थांनी मुलासाठी परत नेले. जाताना मी कवचाच्या आतल्या बाजूला, पुसले जाणार नाही अशा शाईने, ‘बोर्ड नकली’ असे लिहून दिले.

पण खोक्याचे काय? रिकामा खोका शेकडो डॉलरला जातो तो केवळ त्यात पुढे कार्ट्रिज जाणार असते म्हणून. पूर्ण संचाला सुट्या कार्ट्रिजच्या कितीतरी पट भाव मिळतो, कारण हे सारे तीस वर्षे एकत्र राहिले असे घेणारा गृहीत धरतो. ते सिद्ध करणारा एकही क्रमांक खोक्यावर नाही, गाइडवर नाही, कार्ट्रिजवर नाही. आणि त्या गृहीतकाला सुरुंग लावणारे सुटे भाग आमच्यासारखी दुकानेच विकतात. मालकांचे म्हणणे असे की भाग अस्सल असले म्हणजे झाले, ते कुठून एकत्र आले हे पाहणे आपले काम नाही. त्यांच्याशी मी अजूनही सहमत नाही.

खोका आणि गाइड दोन्ही एकाच तरुणाने नेले. त्याच्याकडे सुटे कार्ट्रिज होते. मी आग्रह धरला म्हणून तो ते घेऊन आला, मी उघडून पाहिले, आणि ते पूर्णपणे अस्सल निघाले. बॅटरीसुद्धा मूळचीच होती. आता त्याच्याकडे जो संच आहे त्यातला प्रत्येक तुकडा १९९५चा आहे आणि तरीही तो संच आमच्या काउंटरवर जुळला. बिलावर मी ‘खोका व गाइड स्वतंत्रपणे विकले’ असे स्पष्ट नोंदवले आहे. तो कधी विकेल तेव्हा बाजार त्याला पूर्ण संचाचेच पैसे देईल, आणि ते बिल सोबत द्यायचे की नाही, हे सर्वस्वी त्याच्या हाती राहील.