आधी घार

छपरावरून मोठ्या पंखांची सावली सरकली की कुणीतरी वर बघून हमखास 'गरुड!' म्हणतं. शेजारी एखादा जाणकार असला तर तो मान न वळवताच 'घार आहे' म्हणतो आणि सगळ्यांचा चेहरा उतरतो. घारीवर हा अन्याय आहे. घराभोवतीचे शिकारी पक्षी ओळखायला शिकायचं असेल तर पहिले दोनेक महिने फक्त घारच बघावी. पुढे जे काही दिसणार आहे त्याला 'घारीपेक्षा काय वेगळं?' हाच प्रश्न विचारायचा असतो, आणि घार पाठ नसेल तर उत्तर कुठून येणार?

घारीचं चित्त कुठे असतं ते म्हणीला ठाऊक, आपलं चित्त मात्र तिच्या शेपटीपाशी ठेवावं. शेपटीच्या टोकाला मधोमध खाच असते. घिरट्या घालताना ती शेपूट सतत डावी-उजवीकडे कलती होत राहते, सुकाणू फिरवावं तशी. पंख मनगटापाशी, म्हणजे मधल्या सांध्यापाशी, किंचित मागे मुडपलेले, टोकाला बोटांसारखी फाकलेली सहा पिसं, आणि खालून पाहिलं तर त्या बोटांच्या मुळाशी एक फिकट डाग. उचललेला घास ती पुष्कळदा उडता उडताच पायातून चोचीत घेऊन खाते. आवाज म्हणजे लांबलचक, थरथरती शीळ, शेवटी शेवटी खिंकाळल्यासारखी.

फसगत होते ती खाचेपाशीच. वळण घेताना घारीनं शेपूट पूर्ण पसरली की खाच नाहीशी होते आणि काठ सरळ दिसतो. पिसं झडून नवी येण्याच्या दिवसांत कडेची लांब पिसं नसली तर शेपूट चक्क गोलसुद्धा वाटते. म्हणून एका झलकीवर निकाल देऊ नये. पक्षी दोन-तीन वळणं घेईपर्यंत थांबावं. शेपूट मिटली की खाच पुन्हा दिसते, आणि ते कलतं होणं काही लपत नाही.

रंगावर मात्र सगळ्यात शेवटी विश्वास ठेवावा. उजळ आभाळासमोर तांबडा, तपकिरी, राखाडी सगळे काळेच दिसतात. फोटोतही तेच होतं. कॅमेरा आभाळाचा उजेड मोजतो आणि पक्ष्याचा कोळसा करतो. एक्स्पोजर (कॅमेऱ्यात शिरणारा उजेड) एक ते दीड स्टॉप, म्हणजे दुप्पट किंवा त्याहून थोडं जास्त, वाढवलं तर पोटाकडचे पट्टे उमटतात, आभाळ पांढरं पडलं तर पडू द्यावं. आकाराचंही तसंच. मोकळ्या आभाळात मोजपट्टी नसते, त्यामुळे जवळचा शिक्रा (झाडीत राहणारा छोटा शिकारी पक्षी) गरुडाएवढा आणि उंचावरचा गरुड पाकोळीएवढा वाटू शकतो. सुदैवानं कावळे ही मोजपट्टी आपणहून घेऊन येतात. शिकारी पक्षी दिसला आणि कावळा मागे लागला नाही असं क्वचितच होतं. घार कावळ्याहून स्पष्ट मोठी, शिक्रा त्याच्याहून लहान, साधारण कबुतराएवढा.

ऊन चढून जमीन तापली की गरम हवेचे झोत वर उठतात, आणि मोठ्या पंखांचे पक्षी त्यांवर स्वार होऊन पंख न हलवता चढत जातात. त्यामुळे सकाळचा दुसरा प्रहर त्यांना बघायला उत्तम. घारींच्या त्या चक्रात एखादी गोल शेपटीची निघाली तर ती ब्राह्मणी घार असू शकते. प्रौढ पक्षी पांढऱ्या डोक्याचा नि विटकरी अंगाचा, चुकणं अवघड. पण तिचं पिल्लू साध्या घारीसारखंच तपकिरी असतं आणि तिथे शेपटीचा गोल काठच कामी येतो. मान लांब, डोकं कबुतरासारखं चिमुकलं आणि बाकी देह दांडगा असं विजोड ध्यान दिसलं तर मधुबाज. त्याचा रंग फिकट पांढुरक्यापासून जवळजवळ काळ्यापर्यंत काहीही असतो, तेव्हा डोकं बघावं. सर्पगरूड बहुधा आधी ऐकू येतो. उंचावरून तीन-चार सुरांची लांब शीळ येते, मग पंखांखालचा रुंद पांढरा पट्टा दिसतो.

घराच्या अगदी जवळचा म्हणाल तर शिक्रा. आभाळात शोधाल तर तो सापडणार नाही, तो झाडीत असतो. त्याची बातमी इतरांकडून मिळते. बुलबुल, सातभाई आणि खार एकाच फांदीकडे तोंड करून कर्कश ओरडायला लागले तर तिथे कुणीतरी बसलंय: शिक्रा, घुबड, साप, नाहीतर मांजर. उलट कलकलाट एकाएकी थांबून एखादी बारीक, ताणलेली शीळ आली आणि सगळे गोठले, तर शिकारी हवेत आहे. शिक्र्याचे पंख आखूड नि गोलसर, शेपूट लांब. चार-पाच झपाट्याचे फटके, मग थोडं तरंगणं, पुन्हा फटके, अशी त्याची चाल. नराची पाठ राखाडी, छातीवर तांबूस आडव्या रेघा, डोळा लाल. मादी अंगानं मोठी. पिल्लू तपकिरी आणि छातीवर थेंब ओघळल्यासारखे उभे फराटे. 'टी-टुई' ही हाक ऐकून लगेच वहीत नोंद करू नये, कोतवाल पक्षी तिची हुबेहूब नक्कल करतो.

आणि मग पावशा, शिकारी नव्हे, कोकिळेच्या कुळातला. 'पेर्ते व्हा' म्हणून ओरडतो तोवर ठीक, गप्प बसला की भल्याभल्यांना शिक्रा वाटतो. तोच राखाडी रंग, तीच पट्ट्यांची शेपूट, उडण्याची ढबही तीच. छोटे पक्षीसुद्धा फसतात, तिथे आपली काय कथा! चोच बघावी. शिक्र्याची मुळापासूनच खाली वळलेली, आकडीसारखी. पावशाची बरीचशी सरळ. पाय बघावेत. शिक्र्याचे पिवळे, लांब, उघडे. पावशाचे आखूड, पिसांत दडलेले. शिवाय पावशाच्या डोळ्याभोवती पिवळं कडं असतं.

समोर मोकळं माळरान असेल तर एकाच जागी पंख फडफडवत लटकलेला पक्षी दिसेल. पांढराशुभ्र, खांद्यावर काळा डाग, आखूड शेपूट, तर कापशी. विटकरी पाठ आणि पंख्यासारख्या पसरलेल्या लांब शेपटीच्या टोकाला काळा पट्टा, तर खरुची, आणि ती बहुतेक हिवाळ्यात.

पक्षी न दिसताही ओळख पटवता येते. गच्चीवर पिसांचा ढीग सापडला तर पिसाचा देठ तपासावा. शिकारी पक्षी पिसं मुळापासून उपटतो, म्हणून देठ शाबूत असतो. मांजर चावून तोडते, म्हणून तो कुरतडलेला असतो. जुन्या भिंतीच्या कोनाड्याखाली उंदराच्या केसांनी भरलेली, अंगठ्याएवढी काळपट गोळी मिळाली तर ती घुबडानं ओकलेली. घुबड भक्ष्य सहसा अख्खं गिळतं आणि त्याच्या पोटातलं आम्ल तुलनेनं सौम्य असतं, त्यामुळे आत कवटीसुद्धा धड मिळते. शिक्र्याच्या गोळीत पिसं खूप, हाडं नावालाच.

दुर्बीण ८×४२ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी नि ४२ मिलिमीटर भिंगाची, पुरे. दहापट मोठं दाखवणारी हातात जास्त थरथरते. नजर पक्ष्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्यांपाशी आणावी. आधी दुर्बीण लावून मग आभाळ धुंडाळणाऱ्याला फक्त आभाळ मिळतं. सूर्याच्या दिशेनं ती कधीही नेऊ नये.

आणि पुस्तक उघडण्याआधी लिहावं. चित्र एकदा बघितलं की न पाहिलेले पट्टेही आठवायला लागतात. आधी शेपूट, मग चाल, मग कावळ्याच्या मानानं आकार, आणि रंग दिसला असेल तरच रंग. नाव नाही जमलं तर वहीत 'कावळ्याहून लहान, शेपूट लांब, चोच दिसली नाही' एवढंच ठेवावं.