तुम्ही विचारलेत म्हणून: गाणे सोडून गाण्यावरची पुस्तके

‘गाणे सोडलेत, मग गाण्यावरची पुस्तके कसली वाचत बसता?’ लग्नकार्यात, मैफलीच्या मध्यंतरात, घरी चहाला आलेल्या माणसांकडून हा प्रश्न मी वर्षानुवर्षे ऐकत आले आहे, आणि आजवर हसून विषय बदलत आले आहे. त्याच्या जोडीला दुसरा प्रश्नही ठरलेला असतो. कपाटात संगीत, तत्त्वज्ञान, विज्ञान आणि आरमाराचा इतिहास अशी चार दिशांना तोंडे असलेली पुस्तके आहेत आणि कथा-कादंबरी औषधालाही नाही, हे काय? यापुढे विषय बदलायचा नाही असे ठरवून हे लिहीत आहे.

कादंबऱ्यांचे आधी सांगून टाकते. त्यांच्याशी माझे वैर नाही. पण लेखकाने सांगितले ते खरे कशावरून, असे कादंबरीला विचारता येत नाही, आणि मला तर नेमके तेच विचारायचे असते.

उरलेले विषय तुम्हाला चार दिसतात, मला दिसत नाहीत. माझे माहेर वाघोटन खाडीच्या काठचे. विजयदुर्गाबद्दल आम्ही मुलांनी दोन वाक्ये पाठ केलेली होती: पेशव्यांनी मराठ्यांचे आरमार बुडवले, आणि हेलियमचा शोध आमच्या किल्ल्यावर लागला. दोन्ही वाक्ये मोठी माणसे अशा ठामपणे सांगत की पुढे काही विचारणे उद्धटपणाचे ठरे. पुढे वाचत गेले तेव्हा कळले की फेब्रुवारी 1756 मध्ये मराठा आरमारप्रमुख तुळाजी आंग्र्यांची गलबते विजयदुर्गाच्या बंदरात जळाली ती इंग्रज अॅडमिरल वॉटसनच्या आरमाराच्या तोफांमुळे. एका जहाजाने पेट घेतला आणि जवळजवळ उभ्या असलेल्या बाकीच्यांना ती आग लागत गेली. पेशव्यांचे सैन्य त्या मोहिमेत इंग्रजांच्या बाजूने होते, हा कलंक पुसता येत नाही. परंतु तुळाजी पेशव्यांची सत्ता जुमानत नव्हता हेही तितकेच खरे आहे, आणि त्यानंतर त्याच विजयदुर्गावर पेशव्यांचे आरमार धुळप या सरदार घराण्याच्या हाताखाली पुढची अनेक वर्षे उभे होते, हे पाठ केलेल्या वाक्यात मावत नाही. हेलियमचेही तसेच. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास ग्रहणाच्या वेळी फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ झान्सेन गुंटूरला होता, आणि इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर तर हिंदुस्थानात नव्हताच. जिच्यावरून हेलियमचा माग लागला ती सूर्याच्या वर्णपटातली पिवळी रेषा लॉकियरने ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून, ग्रहण नसताना पाहिली. विजयदुर्गावर तो खरोखर आला तो 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणासाठी, आणि त्याच्या उपकरणांपाशी राबायला ब्रिटिश युद्धनौकेचे खलाशी होते. तोवर रसायनशास्त्रज्ञ रॅमसेला हेलियम पृथ्वीवरही सापडून तीन वर्षे होत आली होती. मी हे सांगते तेव्हा गावची माणसे दुखावतात. मला विजयदुर्ग कमी प्रिय झालेला नाही. ज्या गोष्टीवर जीव आहे तिच्याबद्दल खोटे ऐकवत नाही, इतकेच.

आता गाण्याचे. आमच्या बुवांकडे, म्हणजे माझ्या गायनगुरूंकडे, मी कशी शिकले हे तुम्हाला ठाऊक आहे, ते पुन्हा सांगत नाही. शेवट कसा झाला हे मात्र कोणाला नीट माहीत नाही. दरबारी राग चालू होता. दरबारीचा कोमल गंधार आंदोलित, म्हणजे डोलता, आणि नेहमीच्या कोमल गंधाराहून उतरलेला, हे बुवांनी गळ्यात घालून दिलेले होते. त्या दिवशी त्यांनी लावलेला गंधार मला आदल्या शिकवणीतल्यापेक्षा किंचित चढा वाटला. मी म्हटले, ‘‘बुवा, परवा लावलात तो गंधार आणखी खाली होता. दोन्हींतला खरा कोणता धरू?’’ माझ्या मनात आगाऊपणाचा लवलेश नव्हता. मला तो स्वर हवा होता. बुवांनी तानपुऱ्याच्या तारांवर तळहात ठेवला आणि त्या दाबून धरल्या. खोलीत आम्ही पाच-सहा जण होतो. ते म्हणाले, ‘‘तुला खरेखोटे करायचे असेल तर पुस्तकांकडे जा. इथे गाणे मिळते.’’ मग तार सोडून त्यांनी पुढच्या मुलाला आलाप घ्यायला सांगितले. मी तास संपेपर्यंत बसून राहिले, कारण मधेच उठणे हा अपमान ठरला असता. पुढच्या शिकवणीला गेले तेव्हा त्यांच्या मुलाने दारातच ‘‘आज शिकवणी नाही’’ असे सांगितले. आत तानपुरा वाजत होता. मी पायरीवर थोडा वेळ उभी राहिले, कोण गाते आहे ते ओळखले आणि परत फिरले. त्यानंतर कोणी बोलावले नाही, मीही गेले नाही. बुवा गेले तेव्हा मी दर्शनाला गेले होते, इतकेच.

म्हणजे पुस्तकांकडे मी रागाने गेले, हे कबूल करते. संगीतशास्त्रकार वि. ना. भातखंड्यांची ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हाती आली आणि पहिल्याच पानांत मी थांबले, कारण ते सगळे पुस्तक गुरुशिष्यांचा संवाद आहे. शिष्य शंका काढतो, गुरू उत्तर देतो, शिष्य पुन्हा अडवतो, आणि कोणी तार दाबून धरीत नाही. हा वकील माणूस 1904 मध्ये दक्षिणेत पंडितांच्या दारी प्रश्न घेऊन हिंडला होता. तत्त्वज्ञानाकडे वळले तीही त्याच वाटेने. आपल्याच न्यायशास्त्रात, म्हणजे जुन्या तर्कशास्त्रात, पूर्वपक्ष म्हणजे समोरच्याचे म्हणणे नीट मांडल्याशिवाय उत्तरपक्षाला उभे राहता येत नाही, आणि 1983 मध्ये पुण्यात मे. पुं. रेगे, दया कृष्ण आदी तत्त्वज्ञांनी इंग्रज तत्त्ववेत्ता रसेलचे विचार संस्कृतात मांडून शास्त्री-पंडितांकडून त्यांचे खंडनमंडन करून घेतले, हे वाचल्यावर ज्या परंपरेच्या नावाने मला गप्प केले गेले तीच माझ्या बाजूची आहे असे मला वाटू लागले.

पण त्या काळातली मी एक गोष्ट फार जोरात म्हणत असे: पुस्तकांनी बुवांना खोटे ठरवले. तसे झालेले नाही. 1963 मध्ये जयराजभॉय आणि स्टोन या संशोधकांनी कलावंतांचे स्वर मोजले, तेव्हा हाती आले ते हे की एकच स्वर प्रत्येकाचा निराळा लागतो आणि त्याच कलावंताचाही हलतो. शुद्ध गणिताने एक कोमल गंधार सहास पाच या प्रमाणात सुमारे 316 सेंटवर येतो (सेंट म्हणजे स्वरांतर मोजण्याचे एकक, एका सप्तकाचे 1200), दुसरा बत्तिसास सत्तावीस या प्रमाणात 294 वर. दरबारीचा गंधार तर डोलणारा; तो एका जागी उभाच राहत नाही. मग ‘खरा कोणता’ याचे उत्तर बुवांपाशी एका आकड्यात असणार तरी कसे? हे त्यांच्या बाजूने मी आज सांगू शकते. तेव्हाची मी लगेच विचारते: मग हेच त्यांनी का सांगितले नाही? ‘पोरी, तो हलतो, म्हणून तुला दोन दिसले’, एवढे एक वाक्य पुरले असते. कदाचित त्यांना ते कळत होते आणि शब्दांत आणता येत नव्हते. कदाचित शिष्येने सर्वांसमोर कान दाखवणे त्यांना सोसले नाही. यापैकी कशालाही पुरावा नाही, आणि पुराव्यावाचून मी त्यांच्यावर आरोप करणार नाही आणि त्यांना सोडणारही नाही.

तेव्हा पुस्तकांनी गाण्याची जागा भरून काढली का, असे विचाराल तर नाही. सहास पाच हे प्रमाण वाचून कोणाच्या गळ्यात गंधार उतरत नाही, आणि ज्यांना वाटते की मला हे ठाऊक नाही त्यांनी निश्चिंत असावे. पण गाणे ऐकताना मी आजही मनात विचारते की हा इथे का थांबला, हा निषाद एवढा का ओढला, आणि त्या विचारण्याला ज्या पानांवर कोणी तरी प्रामाणिकपणे उत्तर देऊ पाहिले आहे ती पाने मी वाचते. मग ती श्रुतींवरची, म्हणजे स्वरांच्या सूक्ष्म अंतरांवरची, असोत, सूर्याच्या वर्णपटावरची असोत, नाही तर आंग्र्यांच्या गलबतांवरची. पुन्हा गायला का बसत नाहीस, हा तुमचा तिसरा प्रश्न मला माहीत आहे. त्याचे उत्तर अजून तयार नाही.