न दुखणाऱ्या पायाचा फोटो

लातूरच्या एका दवाखान्यात मी एक्स-रे काढतो, चौदा वर्षं झाली. आमच्याकडे एक्स-रे कुणी म्हणत नाही, फोटोच म्हणतात. माणूस दारातून आत येतो तेव्हाच, चिठ्ठी हातात यायच्या आधी, मला बहुतेक वेळा अंदाज येतो. कुणाच्या खांद्यावर हात आहे, कोणता पाय आधी टाकतो, टेबलावर चढताना दात कसे आवळतो. दुखणं चालीत दिसतं.

कोजागिरीनंतर चौथ्या दिवशी आलेल्या मावशी मात्र कुणाचा हात न धरता, झपाझप चालत आल्या. औसा तालुक्यातल्या. कपाळावर मळवट अजून पुसलेला नव्हता. मागे मुलगा, हातात फाइल. मी चिठ्ठी वाचली, उजवा पाय. म्हटलं, "मावशी, दुखतोय का?"

"न्हाई की. दुखला असता तर तुळजापूरला चालत गेले असते का?"

औशाहून तुळजापूर, दोन मुक्काम करत, अनवाणी. पौर्णिमेला आमच्या भागातली हजारो माणसं तशी जातात, त्यात नवल नाही. पण पाय टेबलावर ठेवला तेव्हा मी थबकलो. घोट्याखाली सूज, कातडी लालसर, आणि तळव्याची कमान आत असायची ती बाहेर फुगलेली, होडीच्या बुडासारखी. हात लावला तर तापल्या तव्यासारखा गरम. डावा पाय गार.

फोटो स्क्रीनवर आला आणि मी खुर्चीत बसलो. पायाच्या मधल्या भागातले सांधे निखळलेले, बोटांकडे जाणाऱ्या लांब हाडांची बुडं जागा सोडून सरकलेली, दोन ठिकाणी चुरा. असा पाय मी ट्रॅक्टरखाली सापडलेल्या माणसाचा पाहिला होता. तो माणूस ओरडून ओरडून बेशुद्ध पडायच्या बेतात होता. या मावशी बाहेर बाकावर बसून मुलाला विचारत होत्या, सोयाबीनची रास झाली का म्हणून.

नाव टाकून जुनं रेकॉर्ड उघडलं तेव्हा पोटात खड्डा पडला. याच पायाचा फोटो पोळ्याच्या आसपास मीच काढला होता. तेव्हाही सूज होती, गरम होता. गावच्या डॉक्टरांनी जंतुसंसर्ग समजून सलाइन आणि अँटिबायोटिक दिलं होतं. ताप नव्हता, जखम नव्हती, तरी तसंच समजलं गेलं. फोटो नॉर्मल आला. नॉर्मल म्हणजे मलाही नॉर्मलच दिसला. मी तो पाय टेबलावर झोपवून काढला होता, कारण चिठ्ठीत वेगळं काही लिहिलं नव्हतं आणि बाहेर वीस माणसं थांबली होती. उभं करून, अंगाचं वजन पायावर देऊन काढला असता तर हाडांमधली सरक कदाचित दिसली असती. कदाचित नसतीही. या आजारात सुरुवातीचा फोटो स्वच्छ येऊ शकतो, हे आमच्या हाडांच्या डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं, मला बरं वाटावं म्हणून असेल.

कोजागिरीनंतरच्या त्या दिवशी आमच्या हाडांच्या डॉक्टरांनी मावशींना डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनचा दोरा तळव्याला ठिकठिकाणी टेकवला. दोरा वाकेपर्यंत दाबला की 10 ग्रॅमचा दाब पडतो, तो कळायला हवा. मावशी शांत. मग म्हणाल्या, "लावा की, कव्हा लावणार?" सात जागा लावून झाल्या होत्या.

मधुमेह बारा वर्षांचा. त्या दिवशी साखर 342, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी 10.6. पायाच्या या अवस्थेला शार्कोचा पाय म्हणतात. शार्को हे पॅरिसचे डॉक्टर. 1868 मध्ये त्यांनी हे सांध्यांचं कोसळणं सांगितलं, पण गरमीच्या आजाराने, म्हणजे सिफिलिसने, मज्जारज्जू बिघडलेल्या रोग्यांमध्ये. मधुमेहाशी त्याचा संबंध 1936 मध्ये जोडला गेला. आमच्या डिप्लोमाच्या पुस्तकात ते नाव जेमतेम दोन ओळींत उरकलं होतं. साखरेने नसा बधिर होतात, एखादी बारीक इजा कळत नाही, आतली आग शमत नाही, त्या आगीत हाडं ठिसूळ होत जातात आणि माणूस त्यांच्यावर चालतच राहतो.

मुलगा पुण्यात कंपनीत आहे, हुशार आहे. त्याने फाइलमधून डेक्साचा, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट काढला. दोन वर्षांपूर्वी पहाटे साखर उतरून मावशी न्हाणीत पडल्या आणि मनगट मोडलं, तेव्हा त्याने तो मुद्दाम करून घेतला होता. टी-स्कोअर वजा 0.4. वजा 1 पर्यंत नॉर्मल. "सर, हाडं चांगली आहेत असं लिहिलंय. मग आधी मनगट आणि आता हे कसं?"

डॉक्टर किल्लारीकडचे. 30 सप्टेंबर 1993 ला, तिथे भूकंप झाला तेव्हा, ते दहावीत होते. ते म्हणाले, "आमच्याकडच्या घरांच्या भिंती बघितल्या होत्यास? दोन-दोन फूट जाड, नुसता दगड. भूकंपात दगड फुटले नाहीत. त्यांना धरून ठेवणारी माती सुटली आणि माळवद अंगावर आलं. डेक्साचं मशीन दगड मोजतं. दगड आहेत तुझ्या आईकडे."

हाडात चुन्याइतकंच, म्हणजे कॅल्शियमइतकंच, महत्त्व कोलॅजनच्या धाग्यांना. ते लवचीक असतात म्हणून हाड थोडं वाकून धक्का सोसतं. वर्षानुवर्षं साखर जास्त राहिली की ती या धाग्यांना चिकटते, त्यांच्यात नको तिथे गाठी बसतात आणि हाड कडक पण ठिसूळ होतं. शिवाय जुनं हाड काढून नवं बांधण्याचं जे काम रोज चालू असतं, तेच मंदावतं. लहानपणी होणाऱ्या टाइप 1 मधुमेहात घनताच कमी असते. मोठेपणीच्या टाइप 2 मध्ये ती चांगली, कधी इतरांपेक्षा जास्तही दिसते, आणि तरी खुब्याचं हाड मोडण्याचा धोका वाढलेला असतो. मला डॉक्टरांचा दाखला पूर्ण पटला नव्हता. त्या भिंतींची माती पहिल्यापासूनच कच्ची होती, मावशींची तर कधीकाळी पक्की होती.

डॉक्टरांनी गोळ्यांचं पाकीट उलटं करून वाचलं. तीन औषधांची एकत्र गोळी, त्यात पायोग्लिटाझोन. बायकांमध्ये या औषधाने हाडं मोडण्याचं प्रमाण वाढतं. फिजिशियनला फोन करून त्यांनी ती बदलायला लावली. पहाटे साखर उतरू नये याचंही बोलणं झालं. मावशींचे डोळे, मूत्रपिंड दर वर्षी तपासलं जात होतं. हाडांचं कुणी विचारलंच नव्हतं, आणि आमच्याही फॉर्मवर तो रकाना नाही.

मग प्लॅस्टर. साधं नाही, तळव्याला सगळीकडून सारखं चिकटून बसणारं, म्हणजे वजन एका जागी पडत नाही. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांसाठी हीच पद्धत वापरली होती. सूज उतरेल तसं ते सैल होतं, म्हणून दर आठवड्याला बदलायचं. पाय टेकवायचा नाही. दोन्ही पायांच्या तापमानातला फरक दोन अंशांच्या आत येऊन टिकेपर्यंत सुटका नाही. न दुखणाऱ्या पायाला महिनोन्‌महिने बसवून ठेवणं किती अवघड, ते त्यांच्या मुलाला विचारा. दोनदा त्या वॉकर सोडून चुलीपाशी गेल्या.

फाल्गुनात प्लॅस्टर निघालं. मापाचे बूट मिळाले. फोटो काढायला आल्या तेव्हा मी त्यांना उभं केलं, हात रेलिंगला धरायला लावले. कमान गेली ती गेलीच, पण हाडं आता जिथे होती तिथे सांधली होती. पोळ्याच्या त्या फोटोबद्दल मी त्यांना अजून काही बोललेलो नाही.

"पुढल्या कोजागिरीला जाता येईल का?" त्यांनी डॉक्टरांना विचारलं.

"गाडीनं जा, मावशी. आणि अनवाणी एक पाऊलही नाही."

"देवीपुढं बूट घालून?"

डॉक्टर गप्प. मावशींनी मुलाकडे पाहिलं. "मंग माझ्या वाटणीचं हा चालंल."

मुलगा मोबाइल खिशात ठेवत म्हणाला, "रजा बघावी लागेल."