तोल कुणाचा पक्का?

कुस्ती आणि कबड्डी, दोन्हींत तोल कुणाचा पक्का, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. अमळनेर तालुक्यातल्या शाळेत मी पीटी शिकवतो, आणि दरवर्षी जूनमध्ये कुणीतरी बाप विचारतोच, "सर, पोऱ्याले आखाडामा धाडू का कबड्डीमा? तोल कोठे चांगला व्हस?"

मागे सुताराकडून लाकडी पट्टी करून घेतली. ५० सेंटिमीटर लांब, ४ उंच, ३ रुंद. तिच्यावर एका पायावर मिनिटभर उभं राहायचं आणि किती वेळा पडला ते मोजायचं. फ्लेमिंगो टेस्ट म्हणतात. डोळे उघडे असताना पैलवान पोरं आणि कबड्डीची पोरं जवळपास सारखीच. मग गंमत म्हणून साधं जमिनीवर, डोळे मिटून उभं केलं. कबड्डीवाले हात फडफडवत डुलायला लागले. आठवीतला एक पैलवान मात्र गुडघा जरासा मोडून खुंटा ठोकल्यासारखा उभा.

कारण तसं सोपं आहे. तोल डोळे, आतला कान आणि पाय-सांध्यांची जाणीव असे तिघे मिळून धरतात. कुस्तीच्या खडाखडीत, म्हणजे उभ्याने चालणाऱ्या झटापटीत, डोकं समोरच्याच्या खांद्याला भिडलेलं असतं, डोळ्यांना दिसतं काय? समोरच्याने कुठे रेटलं, कुठे ओढलं, हे मानेला आणि तळव्याला कळतं. २००२ साली फ्रान्सच्या संशोधकांनी ज्युडोपटू आणि बॅले नर्तकांची तुलना प्रसिद्ध केली. डोळे मिटल्यावर तिथेही ज्युडोवालेच सरस.

म्हणून त्याच पैलवानाला मी संघात घेतलं. (मला वाटलं, सोनंच हाती लागलं!) तालुका स्पर्धेत समोर सात जण होते, म्हणजे बोनसचा जादा गुण मिळण्याजोगा. तो मिळवायला एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकवायचा आणि त्याच वेळी मागचा पाय हवेत ठेवायचा. पठ्ठ्याने तिन्ही चढायांत मागचा पाय मातीतच रोवला. दोन वर्षं तालमीत मीच ओरडत होतो ना, "पाय सोडू नको"! तिथे एक पाय उचलला की पट (पाय धरून पाडायचा डाव) निघालाच म्हणायचा. कबड्डीत टेकलेल्या त्या एकाच पायावर उभं राहून, डोळ्याच्या कोपऱ्याने कोपऱ्यातला बचावपटू बघत, मागे झेपावायचं असतं. हा पळता तोल त्याला नव्हताच.

आता कुणी विचारलं की मी उलट विचारतो, पोरगा पँट घालताना भिंत धरतो का?

परवा एक बाप बराच वेळ विचार करून म्हणाला, "तो बशीसन घालस, सर."