मी ग्रंथपाल नाही, पण…

बडोद्यातल्या एका जुन्या मराठी ग्रंथालयाची कार्डं संगणकावर चढवायचं काम मला कंत्राटावर मिळालं. माझं शिक्षण बी.सी.ए. ग्रंथालयात बी.लिब. म्हणजे ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतलेल्या दोघी ताई, एक शिपाई काका आणि चौथी मी, ‘कॉम्प्युटरवाल्या बेन’. पगाराच्या यादीत माझं नाव ‘इतर’मध्ये. कमिटीतले एक गृहस्थ तर येता-जाता विचारायचे, “हे मशीनच करतं ना सगळं?”

मशीनने काय केलं होतं ते सांगते. माझ्या आधी कोणीतरी निम्मी यादी जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून ठेवली होती. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येईल अशा रूपात, आणायला गेलं तर ‘धर्म’चं ‘धमर्’ व्हायचं. कारण साधं आहे: जुन्या फॉन्टमध्ये रफार अक्षरानंतर टाइप होतो, युनिकोडमध्ये र् आधी साठवला जातो. ऱ्हस्व वेलांटीचं बरोबर उलटं. नियम लिहून बरंचसं सुधारलं, उरलेलं डोळ्यांनी. तरी हे सोपं काम. इथे ताईंना विचारावं लागत नव्हतं.

खरं काम कोहात, म्हणजे ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये, नोंदी करायला घेतल्यावर सुरू झालं. तिथे प्रत्येक रकान्याला क्रमांक असतो: २४५ मध्ये शीर्षक, १०० मध्ये लेखक, एवढं कोणीही शिकेल. पण जुन्या मराठी पुस्तकावर साल असतं शके १८३४. मी ७८ मिळवून १९१२ टाकायला निघाले, तेव्हा धाकट्या ताईंनी थांबवलं. “महिना दिलाय का? शकाचं वर्ष चैत्रात बदलतं. पुस्तक जानेवारीत निघालं असेल तर १९१३.” म्हणून चौकटी कंसात ‘१९१२ किंवा १९१३’. शेजारच्या गुजराती कपाटात विक्रम संवत, तोही दिवाळीनंतर बदलणारा. तिथे कधी ५६ वजा, कधी ५७. एकाच शहरातल्या दोन कपाटांचं नवं वर्ष वेगळ्या दिवशी लागतं, हे बडोद्यात वाढूनही कधी डोक्यात आलं नव्हतं!

लेखकांच्या नावांत तर मजाच. माझ्या प्रोग्रॅमने राम गणेश गडकरी, गोविंदाग्रज आणि बाळकराम असे तीन लेखक मोजले. मोठ्या ताई हसल्या. “नाटकं एका नावानं, कविता दुसऱ्या, विनोद तिसऱ्या. माणूस एकच. आणि जन्म नवसारीचा बरं का, म्हणजे आपल्याच संस्थानातला!” हा अभिमान इथल्या जुन्या ग्रंथपालांत भरलेला आहे. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालांना बोलावून ग्रंथालयखातं उभं केलं, खेड्यापाड्यांत पेट्यांतून पुस्तकं गेली, हे ताई घरची गोष्ट असल्यासारखं सांगतात.

सुरुवातीला मी शंका आली की उठून विचारायला जायचे. त्या वाचकाशी बोलत असायच्या, काम तुटायचं, दोघीही वैतागायच्या. मग एक शीट केली: डावीकडे शीर्षकपानाचा फोटो, मधे माझी शंका एका ओळीत, उजवीकडे ‘ताईंचा निर्णय’ असा रकाना. दुपारच्या चहाला त्या मोबाइलवर भराभर उत्तरं टाकत. माझ्या मते मदतनिसाची हुशारी इथे लागते. ठरवायचं त्यांनी, पण ठरवणं सोपं पडेल अशी शंका मांडायची आपण. त्यांचा निर्णय आपणच घेऊन टाकायचा मोह प्रोग्रॅम येणाऱ्याला फार होतो.

जुन्या शुद्धलेखनाचा गुंता शीटवरच सुटला. शीर्षकपानावर ‘कसें’ असेल तर नोंदही ‘कसें’च, असं ताईंचं ठाम मत. आजचा वाचक मात्र अनुस्वार देत नाही आणि पुस्तक सापडत नाही. म्हणून २४५ मध्ये छापील रूप, २४६ या पर्यायी शीर्षकाच्या रकान्यात आजचं.

एका प्रश्नावर मात्र आमचं अजून जमत नाही. इथली बरीच मराठी मुलं गुजराती शाळांत शिकलेली. ती ‘ळ’सुद्धा गुजराती लिपीत टाइप करून शोधतात. मोठ्या ताईंना प्रत्येक पुस्तकाला गुजराती लिपीतलं शीर्षक हवंय. माझं म्हणणं, शोधतानाच लिपी बदलून घ्यावी, नोंदींना हात लावू नये. धाकट्या ताई म्हणतात, आधी कंत्राटाची मुदत वाढवून घ्या, मग भांडा.